काळा कातळ आणि संगमरवर

'खडकांचे प्रकार किती?' असे विचारले की वर्गातील सगळे हात वर होतात. 'तीन! अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित.' उत्तर बरोबर आहे. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. पण शाळेच्या पायरीकडे बोट दाखवून 'हा यांपैकी कोणता?' असे विचारले, तर बहुतेक जण एकमेकांकडे पाहू लागतात. हा दोष मुलांचा नाही, शिकण्याच्या पद्धतीचा आहे. आपण खडक पुस्तकात शोधतो आणि तो तर आपल्या पायाखाली असतो.

मला विचाराल तर खडकांचा धडा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बिबी का मकबऱ्यापासून सुरू करावा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिच्या कबरीवर ही इमारत सतराव्या शतकात बांधली गेली. लांबून ती सगळी पांढरी दिसते. जवळ जाऊन पाहिले की गंमत कळते. खालचा भाग संगमरवराचा आहे आणि वरचा घुमटही संगमरवराचा आहे. मधल्या भिंती मात्र आपल्याच काळ्या दगडाच्या आहेत. त्यांवर चुन्याचा इतका गुळगुळीत गिलावा आहे की फरक चटकन लक्षात येत नाही.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो अग्निजन्य खडक आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि पाण्यासारखा दूरवर पसरला. तो थंड झाला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे पुष्कळ वेळा घडले. आजही दख्खनमध्ये सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर पसरलेले आहेत. रेल्वेने खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटातून जाल तेव्हा खिडकीतून डोंगरांकडे पाहा. जणू कोणी प्रचंड जिना बांधला आहे, अशा पायऱ्या दिसतात. भूगोलात या खडकाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील आहे आणि त्याचा अर्थही पायरी असाच आहे. थर जाड आणि सलग होते, म्हणूनच वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरता आले.

बेसाल्टचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, कारण लाव्हारस उघड्यावर लवकर थंड झाला. तोच रस जमिनीच्या पोटात हळूहळू थंड झाला असता, तर कण मोठे झाले असते. ग्रॅनाइटमध्ये असे मोठे, चमकदार कण दिसतात. काळ्या दगडात कधी कधी लहान पोकळ्या आढळतात. ते लाव्हारसातील वायूचे बुडबुडे होते. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि तिथे पांढरी खनिजे साचली. काही मुले असे चकाकणारे खडे हिरे समजून खिशात ठेवतात. ठेवू द्या. हिरा नसला तरी तो कोट्यवधी वर्षांचा आहे.

आता संगमरवर. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतील 'संगेमरमर'च मराठीत येऊन संगमरवर झाला. 'संग' म्हणजे दगड. दगड घडवणाऱ्याला उर्दूत संगतराश म्हणतात आणि मराठीत पाथरवट. मकबऱ्यासाठी संगमरवर राजस्थानातून आणला, कारण आपल्याकडच्या काळ्या कातळात तो सापडत नाही. संगमरवर हा जन्मतः संगमरवर नसतो. तो आधी चुनखडक असतो, म्हणजे समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचलेला स्तरित खडक. जमिनीत खोल गाडला गेल्यावर उष्णता आणि दाब यांमुळे त्याचे कण नव्याने जुळतात आणि तो रूपांतरित होतो. आपली लिहिण्याची पाटीही अशीच घडली. चिखलाचा खडक झाला आणि दाबाने त्या खडकाची पाटी झाली.

स्तरित खडक पाहायला दिल्लीला जाण्याची गरज नाही. तेथील लाल किल्ला आणि जामा मशीद यांचा लाल वालुकाश्म सुंदर आहे, यात शंका नाही. पण आपल्या घरांत जी शहाबादी फरशी असते, ती काय आहे? कर्नाटकातील शहाबादचा तो चुनखडक आहे. एकेकाळी पाण्याखाली साचलेल्या गाळावर बसून आपण जेवतो!

आता माझा मुद्दा सांगतो. आपण तीन प्रकार असे पाठ करतो, जणू ते तीन वेगळे डबे आहेत आणि एका डब्यातील दगड दुसऱ्यात जात नाही. खरे तर या एकाच दगडाच्या आयुष्यातील अवस्था असू शकतात. काळा कातळ ऊन-पावसाने कुजतो, त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्याचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते. गोदावरी ती माती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. तिथे थरावर थर साचतात. त्यांचा पुन्हा खडक होईल, पुढे तो खोल दबला तर रूपांतरित होईल, वितळला तर पुन्हा लाव्हारस होईल. कोकणात मुसळधार पावसाने वेगळेच काम केले. तिथे खडकातील बरेच पदार्थ धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्याचा जांभा झाला. त्याचे चिरे खाणीत मऊ असतात आणि हवेत टणक होतात.

'दगड पुन्हा तयार होतोच, मग डोंगर फोडले तर काय बिघडले?' असे कोणी म्हणेल. बिघडते ते वेळेच्या हिशेबात. निसर्गाला एक डोंगर घडवायला लाखो वर्षे लागतात आणि सुरुंग लावून तो आपण काही वर्षांत संपवतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. लाव्हारस थंड होताना आकसला आणि त्याचे उभे खांब बनले. त्या खांबांची सुमारे 60 मीटर उंच भिंत तिथे उभी आहे. जगात असे देखावे मोजकेच आहेत. पण चारी बाजूंनी खडीसाठी ती टेकडी वर्षानुवर्षे फोडली गेली. महानगरपालिकेने 2007 साली तिला वारसा-स्थळाचा दर्जा दिला, तोपर्यंत पुष्कळ काही गेले होते. आज ती इमारतींच्या गर्दीत एकटी उभी आहे.

मी खडीच्या विरुद्ध नाही. घरे, रस्ते, रुग्णालये खडीशिवाय होणार नाहीत. खाणीवर अनेक कुटुंबांचे पोट चालते. त्या मजुरांच्या फुप्फुसांत जाणाऱ्या धुळीची काळजी आपण डोंगराइतकीच करायला हवी. पण कोणता डोंगर फोडायचा आणि कोणता ठेवायचा, हे ठरवण्याआधी तो काय आहे हे कोणीतरी पाहिले पाहिजे. जुनी इमारत पाडली की तिचे घडीव दगड भरावात टाकले जातात. हे मला अजिबात पटत नाही. कोकणात जुन्या घराचे चिरे नव्या घराला वापरतात, मग इतरत्र का नको?

या बाबतीत मकबरा बांधणारे आपल्यापेक्षा शहाणे होते. लोक त्या इमारतीला ताजमहालची नक्कल म्हणून हिणवतात. पैसा कमी होता म्हणून संगमरवर कमी वापरला, असेही म्हणतात. असेल. तरी मला त्यात काटकसर दिसते. दूरचा दगड थोडा आणला, जवळचा दगड भरपूर वापरला आणि इमारत साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे.

दगड ओळखायला फार साहित्य लागत नाही. शहाबादीचा तुटका तुकडा घ्या. खिळ्याने थोडा खरवडून भुकटी करा आणि तिच्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतील, कारण तो चुनखडक आहे. काळ्या दगडाच्या भुकटीवर सहसा तसे होत नाही. अम्मीच्या स्वयंपाकघरातील फरशीवर मात्र हा प्रयोग करू नका. लिंबाने तिथे पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही.