रंगाआधी पोलाद

रणगाड्यांच्या मॉडेलच्या छायाचित्रांत हल्ली गंज, धूळ आणि चिखलाचे काम पाहण्यासारखे असते. त्या रंगाखालचा हल, म्हणजे रणगाड्याचे धड, मात्र पुष्कळदा खोक्यातून निघाला तसाच राहतो. जाड कडा, सपाट वेल्ड, जुन्या किटमध्ये ट्रॅकच्या वर उघडीच सोडलेली पोकळी. कितीही वॉश दिला तरी हे दोष झाकले जात नाहीत.

जाडीचाच हिशेब पाहावा. १/३५ मापाच्या किटमधले मडगार्ड एक मिलिमीटर जाड असले, तर प्रत्यक्षात ते ३५ मिलिमीटरचे ठरते. शर्मन रणगाड्याच्या हलचे बाजूचे चिलखत ३८ मिलिमीटरचे होते! म्हणजे वाकणारा, फाटणारा पत्रा मॉडेलवर चिलखताइतका जाड दिसतो. दिसणारी कड आतल्या बाजूने तिरकी घासून पातळ करावी, नाहीतर सरळ पितळी पत्र्याचे मडगार्ड बसवावे.

हलमध्ये फेरफार करायचा तर शर्मनसारखा शिक्षक नाही. एम४ए१चा वरचा हल ओतीव पोलादाचा, तर एम४ए२, ए३ आणि ए४ यांचे हल वेल्ड करून जोडलेले. त्यातही एम४ए४मध्ये मोटारींची पाच इंजिने एकत्र जोडून क्रायस्लरने केलेले ३० सिलिंडरांचे इंजिन होते. ते मावावे म्हणून हल ११ इंचांनी वाढवावा लागला. १/३५ मापात ही वाढ ८ मिलिमीटरची. पण मागे ८ मिलिमीटरचा तुकडा चिकटवला की एम४ए४ झाला, असे होत नाही. बोगींमधले अंतर वाढते आणि एका बाजूच्या ट्रॅकच्या कड्या ७९च्या ८३ होतात. १९४५ साली ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या लढाईत रॉयल डेक्कन हॉर्सकडे शर्मन होते. त्या रेजिमेंटचा रणगाडा करणाऱ्याने डेकल शोधण्याआधी छायाचित्रात बोगींमधले अंतर पाहावे. एम४ए४ असेल तर तिथेच ओळखू येतो.

दारूगोळ्याच्या कप्प्यांवर बाहेरून वेल्ड केलेल्या जादा चिलखताच्या पट्ट्या अनेक शर्मनवर दिसतात: उजवीकडे दोन, डावीकडे एक. जाडी एक इंच, म्हणजे मॉडेलवर सुमारे ०.७ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरची प्लास्टिक शीट इथे चपखल बसते.

खरी कसोटी वेल्डची. स्प्रू मेणबत्तीवर तापवून केसासारखा ताणावा आणि सांध्यावर बसवावा. त्यावर पातळ सिमेंटचा हात फिरवून तो मऊ होईपर्यंत थांबावे. मग बोथट पात्याच्या टोकाने चंद्रकोरीसारखे ठसे एकामागून एक दाबत जावे. अंतर थोडे कमीजास्त झाले तर चांगलेच, कारण वेल्डरचा हातही यंत्रासारखा चालत नसतो.

ओतीव पोलादाचा खरखरीतपणा आणण्यासाठी मिस्टर सरफेसर ५०० ताठ ब्रशने टिपून, वाळल्यावर हलकेच घासावा. इथे हात आखडता ठेवणेच योग्य. संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा हल गुळगुळीत हलपेक्षाही खोटा वाटतो. आणि वेल्ड केलेल्या हलच्या सपाट पत्र्यावर तर हा पोत देऊच नये. पोलाद ओतलेले की लाटलेले, हे रंग चढल्यावरही कळले पाहिजे.

प्रायमर मारण्यापूर्वीच्या हलमध्ये पांढरी शीट, पिवळे पितळ आणि करडी पुट्टी स्पष्ट दिसते. कारागिराने कुठे काय केले, हे इतरांना तिथूनच शिकता येते. म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती: यापुढे प्रसिद्धीसाठी मॉडेल पाठवताना रंगाआधीच्या हलचे निदान एक छायाचित्र सोबत जोडावे.