तटाची राखण तटाबाहेरून

भिवंडीच्या कामवारी नदीचे पाणी ज्या खाडीला मिळते, तिच्याच मुखाशी वसईचा किल्ला उभा आहे. असे असूनही त्याचा तट पायी फिरून पाहिलेला भिवंडीचा विद्यार्थी विरळाच. दरवाजातून आत जायचे, पडक्या चर्चच्या कमानी पाहायच्या, छायाचित्रे घ्यायची आणि डबे सोडायचे, एवढ्यावर सहल संपते. वस्तुतः वसईचा इतिहास त्या कमानींहून तटावरच अधिक स्पष्ट वाचता येतो.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली आणि दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्याकडे राहिली. तटावरून चालणाऱ्याच्या ध्यानात येते, की बाजूंना पाणी आणि दलदल असल्याने शत्रूला वाट काय ती उत्तरेच्या जमिनीची. १७३९ मध्ये चिमाजीआप्पांच्या फौजेने तिकडेच मोर्चे बांधले, सुरुंग खणले आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडले. पण वसईचे भवितव्य सुरुंगांनी एकट्याने ठरविले नव्हते. १७३७ मध्येच ठाणे मराठ्यांकडे आले होते. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर पडले. व्यंकटराव घोरपड्यांच्या स्वारीमुळे गोव्याला स्वतःचाच जीव सांभाळणे भाग पडले. तट अखेरपर्यंत झुंजला, परंतु त्याला बाहेरून हात देणारे कोणी उरले नव्हते. चिमाजीआप्पांच्या नवसपूर्तीचे म्हणून ओळखले जाणारे वज्रेश्वरीचे मंदिर भिवंडी तालुक्यातच आहे.

पुढे हीच पाळी मराठ्यांवर आली. १७८० च्या अखेरीस जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला आणि कर्नल हार्टले मराठी फौजेची वाट अडवून राहिला. किल्ल्याला कुमक पोचवायची तर ही फळी फोडणे आवश्यक होते. ती फोडण्याच्या प्रयत्नात १२ डिसेंबर १७८० रोजी रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले, ते भिवंडी तालुक्यातील दुगाड येथे. वसई त्याच सुमारास इंग्रजांच्या हाती गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली खरी. पण ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत तहावर सही केली, तेव्हा तट भेदण्याचीही गरज उरली नाही. तट जागच्या जागी होता. ज्याचे रक्षण तो करीत होता, ते स्वातंत्र्य मात्र लेखणीच्या एका फटकाऱ्याने गेले.

या तीन प्रसंगांचा बोध एकच आहे. तटाची राखण दगड करीत नाहीत. तटाबाहेरची माणसे करतात.

आजही वेढा उठलेला नाही, शत्रू तेवढा बदलला आहे. सांध्यांत रुजणारी पिंपळाची मुळे चिरे उचकटतात आणि खिळ्याने नावे कोरणारे हात उरलेले काम पुरे करतात. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना संरक्षण आहे आणि वसईचा किल्ला त्यांपैकी एक आहे. परंतु कायदा प्रत्येक बुरुजावर पहारा देऊ शकत नाही. प्राचीन वारशाचे जतन हे संविधानाने नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. त्या कर्तव्याचा पाठ केवळ वर्गात गिरवून भागणार नाही.

शिक्षकांनी वर्षातून एक दिवस मुलांना दुगाडला न्यावे, रणभूमी दाखवावी, मग वसईचा तट पायी फिरवावा. दगड हलवू नये, झाड ओढू नये. ढासळलेली जागा दिसल्यास पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. १७८० साली दुगाडहून निघू पाहणारी कुमक वसईला पोचली नाही. ती आज पोचविणे भिवंडीच्या हाती आहे.