बिनकामाची मुंबई

वसई-विरारच्या माणसाला मुंबईला जायला काहीतरी कारण लागतं. नोकरी हे पहिलं कारण. त्यानंतर परळचं टाटा हॉस्पिटल, हायकोर्टातली तारीख, क्रॉफर्ड मार्केटमधली लग्नाची खरेदी, हाजी अलीची जियारत. पण नवरा-बायको दोघंच, दोन दिवस, नुसतं फिरायला आणि खायला मुंबईला चालले आहेत असं सांगितलं, की समोरचा विचारतो, "ते ठीक आहे, पण काम काय काढलंय?"

काम काही नाही, हे उत्तर आपल्याकडे पटत नाही. लोणावळा, महाबळेश्वर म्हटलं तर पटतं, कारण ते 'फिरण्याचं ठिकाण'. मुंबई म्हणजे रोजचीच. माझं म्हणणं असं, की रोजची आहे म्हणूनच ती एकदा बिनकामाची बघायला हवी, आणि तीही जोडीने.

मुंबईशी आपलं नातं जुनं आहे. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूर शाहने वसई पोर्तुगिजांना दिली, तिच्यासोबत मुंबईची बेटंही गेली. त्या काळात वसई हे मोठं ठाणं आणि मुंबई तिच्या हाताखालची. 1661 च्या तहाने मुंबईची बेटं पोर्तुगीज राजकन्येचं आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. मग 1867 च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू झाली. आज गाड्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत, पण नातं उरलंय ते झोपायला वसई आणि राबायला मुंबई एवढंच.

माझा नवरा 19 वर्षं फोर्टात नोकरी करतो. कोणत्या डब्यातून उतरलं की चर्चगेटचा सबवे जवळ पडतो, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. पण ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर असलेला राजाबाई टॉवर त्याने कधी मान वर करून नीट पाहिला नव्हता. मी नालासोपाऱ्यात शिकवते. माझी मुंबई म्हणजे नातेवाइकांचे निकाह आणि दवाखाने. दोघं सोबत निघालो तरी प्लॅटफॉर्मवर फाटाफूट व्हायची, मी लेडीजमध्ये आणि तो जनरलमध्ये. यंदाच्या हिवाळ्यात मुलांना नणंदेकडे ठेवून एका शनिवारी, गर्दी ओसरल्यावर, आम्ही वसई रोडला एकाच डब्यात शेजारी बसलो. लग्नाला 16 वर्षं झालीत, आणि असं बसणं बोटांवर मोजण्याइतकं झालं असेल.

दोन दिवसांत काय होतं? भरपूर होतं. मरीन लाइन्सला 1904 पासून चालू असलेल्या कयानीत ब्रून मस्का आणि चहा. दुपारी बॅलार्ड इस्टेटमध्ये 1923 च्या ब्रिटानियात बेरी पुलाव. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाला समोर ठेवून बांधलेला आहे आणि इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेटचा. 1924 मध्ये पुरा झालेला गेटवेही त्याचाच, आणि त्याच्या बांधणीत 16 व्या शतकातल्या गुजरातच्या सुलतानी इमारतींची छाप आहे. म्हणजे ज्या गुजरातच्या सुलतानाने ही बेटं देऊन टाकली, त्याच्या काळातली कमान आज या शहराची ओळख बनून बंदरावर उभी आहे. हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात मला सापडलेलं नाही. ते समोर उभं राहूनच कळतं.

रात्री भेंडी बाजारात नल्ली निहारी. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजी अली. जियारत पूर्वीही केली होती, पण लांबून. मजारीच्या गाभ्यात बायकांना बंदी होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या, ऑगस्ट 2016 मध्ये हायकोर्टाने बंदी उठवली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बायका आत जाऊ लागल्या. ज्या दारातून नवरा आत जायचा आणि मी बाहेर त्याची चप्पल सांभाळायचे, तिथे आम्ही दोघं गेलो. दुपारी दादरला थालीपीठ, कोथिंबीर वडी, पियूष.

खाण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्यातले अनेक जण मुंबईत खायचं म्हणजे मोहम्मद अली रोड, तोही रमजानात, असं धरून चालतात. बाकीच्या शहरात हलालची शंका, म्हणून पाऊलच नाही. शंका असेल तर विचारावं, त्यात लाज कसली? समाधान झालं नाही तर भाजीचा पुलाव मागवावा. थालीपिठाला तर कोणाची हरकत असायचं कारण नाही. दुसऱ्या बाजूलाही हेच आहे. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्रांना निहारीचं कौतुक फार, पण एकट्याने भेंडी बाजारात शिरायला ते बिचकतात. दादरच्या त्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरच्या बाई माझा हिजाब पाहून म्हणाल्या, "तुम्ही किती छान मराठी बोलता!" मी म्हटलं, "वसईची आहे, दुसरं काय बोलणार?" त्या ओशाळल्या, मग हसल्या, मग त्यांनी वसईच्या सुकेळ्यांची चौकशी केली. त्यांनी मुसलमान बाईला मराठीत ऑर्डर देताना कदाचित पहिल्यांदाच पाहिलं असेल. आपण तिथे गेलोच नाही तर त्या पाहणार कुठे? सलोख्याच्या परिसंवादांना मी नावं ठेवत नाही, पण शेजारच्या टेबलावर बसून जेवणं त्याहून सोपं आहे.

आता खरी अडचण. खोली.

फोन केला की पहिला प्रश्न, "आधार कार्ड कुठलं?" वसई म्हटलं की, "लोकल आयडी चालत नाही." दोन ठिकाणी हे झालं. तिसऱ्या ठिकाणी खोली होती, नाव सांगितल्यावर ती भरली. कारण मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून आरोप करत नाही. चौथ्या ठिकाणी मिळाली, पण काउंटरवर निकाहनामा आहे का असं विचारलं गेलं. 16 वर्षांच्या संसाराचा पुरावा मागणाऱ्या त्या पोराचा मला राग आला नाही. त्याला मालकाने सांगितलेलं, मालकाला पोलिसांची धास्ती. ती धास्ती उगाच नाही. ऑगस्ट 2015 मध्ये मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसेक जोडप्यांना चौकीत नेलं. ती माणसं बंद खोलीत होती आणि गुन्हा लावला सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचा! सज्ञान जोडप्याने आपल्याच शहरात खोली घेऊ नये असा कोणताही कायदा या देशात नाही. 'लोकल आयडी चालत नाही' हा हॉटेलवाल्यांनी स्वतःच्या भीतीपोटी केलेला नियम आहे, आणि त्याची झळ बसते ती आपल्यासारख्यांना.

आपल्यासारख्यांना म्हणजे कोणाला? नालासोपारा, विरारच्या वन रूम किचनमध्ये पाच-सहा माणसं राहतात. तिथे नवरा-बायकोला भांडायलासुद्धा जागा नसते, मायेने बोलण्याची गोष्ट लांबच. बॅण्डस्टॅण्डवर, मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून बसलेली जोडपी बघून लोक नाकं मुरडतात. त्यांतली बरीचशी लग्न झालेली असतात. घरात दार लावता येत नाही, म्हणून ती तिथे पाठ फिरवून बसतात. ज्यांच्याकडे दोन बेडरूमचा फ्लॅट आहे त्यांच्यासाठी अशी सहल चैन असेल. ज्यांच्याकडे दारच नाही त्यांच्यासाठी ती गरज आहे.

खर्चाचं म्हणाल, तर फिजूलखर्चीचा मुद्दा मला मान्य आहे. पण आपल्याकडे फिजूलखर्ची बघायची असेल तर लग्नांचे हॉल बघा. एका लग्नाला जाण्यासाठी कपडे, आहेर आणि गाडी यांवर घरटी जेवढं जातं, तेवढ्यात साध्या लॉजमधली एक रात्र, बसची तिकिटं आणि पाच-सहा वेळचं खाणं आरामात बसतं. 'लोक काय म्हणतील' असं म्हणणाऱ्यांना अबू दाऊदमधली एक हदीस आठवावी. एका प्रवासात पैगंबर साहेबांनी हजरत आयशांसोबत धावण्याची शर्यत लावली. आधी त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. प्रवासात बायकोसोबत हसणं-खेळणं आपल्या बुजुर्गांना हलकं वाटत असेल, तर त्यांनी ही गोष्ट मिंबरवरून एकदा सांगावी. सुन्नत म्हणून दाढीची लांबी सांगितली जाते, ही शर्यत फारशी सांगितली जात नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. घरातल्या मोठ्यांनी वर्षातून एकदा दोन दिवस नातवंडं सांभाळावीत आणि कारण विचारू नये. हॉटेलवाल्यांनी वसईचं आधार कार्ड नाशिकच्या आधार कार्डासारखंच मानावं. आणि रोज सकाळी विरार लोकलला लटकून जाणाऱ्या भावांनो, तुमच्या घामावर उभं असलेलं ते शहर एकदा बायकोला दाखवायला न्या. तुम्हीही तिथले मालक आहात, हे तिला बघू द्या. तुम्हालाही ते तिच्यासोबतच नीट दिसेल.