पगार म्हणजे दान नव्हे



यंदा पर्वाच्या आधी आमच्या महिला मंडळात स्वाध्यायापेक्षा जास्त चर्चा झाली ती कामवाल्या बायकांची. सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या सगळ्याजणींनी एकत्र येऊन सांगितलं, की महिन्याला चार सुट्ट्या हव्यात, त्याचे पैसे कापायचे नाहीत, आणि पाहुणे जास्त असतील तर जादा कामाचे वेगळे पैसे द्यायचे. झालं! "आता युनियन करतायत, उद्या डोक्यावर बसतील," असे मेसेज ग्रुपवर फिरू लागले. दोघी-तिघींनी मला विचारलं, ताई, तुम्ही यावर लिहा. म्हणून लिहिते. माझं मत पहिल्यांदाच सांगते, म्हणजे गैरसमज नको. त्या एकत्र आल्या हे चांगलं झालं.

मी कॉमर्सची. त्यामुळे माझ्या डोक्यात आधी खातेवही उघडते. आपण मंदिरात देतो, गोशाळेला देतो, ते दान. ते आपल्या मर्जीवर. यंदा दिलं, पुढल्या वर्षी कमी दिलं, तरी कुणी विचारत नाही. पगार मात्र देणं आहे. काम करून झालं त्या क्षणी ती रक्कम आपल्या डोक्यावर उभी राहते. वर्षाच्या शेवटी न दिलेला पगार ताळेबंदात देणी म्हणूनच दाखवावा लागतो, दानधर्मात नाही. आपल्या घरात मात्र ही दोन खाती एकमेकांत मिसळलेली असतात. दिवाळीला साडी दिली, लेकीच्या लग्नात मदत केली, की वाटतं आपण पुष्कळ केलं. मग चार वर्षांत पगार शंभर रुपयांनीही वाढला नाही, हे लक्षात येत नाही.

"आमची बाई घरच्यासारखीच आहे, तिला संघटना कशाला?" हे वाक्य मी दहा घरांत ऐकलंय. ते म्हणणाऱ्या खोटं बोलत नाहीत, जीव लावतात. पण मालकिणीचा स्वभाव चांगला असणं हा नशिबाचा भाग झाला. ती वारली, मुलाकडे बंगलोरला गेली, की संपलं. नव्या घरी पुन्हा पहिल्यापासून. आणि एकटी बाई काय बोलणार? पाच घरांपैकी एक सुटलं तर महिन्याचं गणित कोलमडतं, हे तिला माहीत असतं. पंधराजणी मिळून बोलतात तेव्हाच ते बोलणं मागणी ठरतं. एकटीचं बोलणं तक्रार ठरतं.

आपल्यापैकी बऱ्याचजणींना ठाऊक नसेल, पण या देशातल्या कामगार संघटनांच्या इतिहासात एका जैन घरातल्या बाईचं नाव फार वरचं आहे. अहमदाबादच्या अनसूयाबेन साराभाई. जन्म 1885 चा. लहानपणीच आईवडील गेले, तेराव्या वर्षी लग्न झालं, ते टिकलं नाही. 1912 साली त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, पण शिक्षणात प्राण्यांची चिरफाड करावी लागते म्हणून ते सोडून अर्थशास्त्राकडे वळल्या. अहिंसा पाळायची म्हणून डॉक्टरकी सोडणारी ही बाई परत आल्यावर काय करते? गिरणीत सलग छत्तीस तास काम करून बाहेर पडणाऱ्या बायका पाहते आणि ठरवते, की आपलं आयुष्य यांच्यासाठी.

1918 साली अहमदाबादच्या गिरण्यांमध्ये संप झाला. प्लेगच्या काळात मजुरांनी शहर सोडू नये म्हणून मालकांनी बोनस सुरू केला होता, साथ ओसरल्यावर तो बंद केला. महागाई मात्र तशीच होती. मालक वीस टक्के वाढ देऊ म्हणत होते, गांधीजींनी हिशेब तपासून पस्तीस टक्के रास्त ठरवले. मालकांचे पुढारी होते अंबालाल साराभाई, म्हणजे अनसूयाबेनचे सख्खे भाऊ! हेच अंबालालशेठ गांधीजींच्या आश्रमाला अडचणीच्या वेळी तेरा हजार रुपये देऊन आले होते. दानाला हात सढळ, पण पगारवाढीला नकार. बहीण मजुरांच्या बाजूला उभी राहिली. गांधीजींनी उपोषण केलं, प्रकरण लवादाकडे गेलं, आणि शेवटी पस्तीस टक्केच मंजूर झाले. 1920 मध्ये अनसूयाबेनच्या पुढाकाराने मजूर महाजन संघ उभा राहिला. भावंडांचं नातं तुटलं नाही. त्याच संघातून पुढे 1972 मध्ये इला भट्ट यांची 'सेवा' जन्मली, घरकाम आणि फेरीचं काम करणाऱ्या बायकांची.

आता आपल्या शास्त्राकडे येते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेत. त्यात दोन आहेत, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आणि वेळेवर खाणंपिणं न मिळू देणं. आपण ते बैलाघोड्यांपुरतं समजतो. पण मार्केट यार्डात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस? ते पोतं पन्नास किलोचं व्हावं म्हणून हमालांच्या संघटनांना झगडावं लागलं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, 1969 साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे या माणसांना हजेरी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. जो अतिचार व्यापाऱ्याने आपणहून टाळायला हवा होता, तो संघटनेने टाळायला लावला. आणि घरात पाहा. पर्वात उपवास आपला, पारण्याची जादा भांडी तिची! दुपारचे तीन वाजतात, ती जेवलेली नसते.

दुसरी बाजूही आहे. "युनियनने गिरण्या बुडवल्या," असं आमच्याकडचे बंधू म्हणतात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, हे खरं आहे. पण तो संप पेटण्याचं एक मोठं कारण असं, की कायद्याने मान्यता असलेली संघटना कामगारांना आपली वाटत नव्हती आणि दुसरीशी बोलायला मालक बांधील नव्हते. यातून मी एवढंच शिकते, की संघटना सभासदांच्या हातात हवी आणि बोलणीची वाट उघडी हवी. पुढारी मोठा आणि सभासद लहान झाला की नुकसान ठरलेलं. पण म्हणून संघटनाच नको म्हणणं म्हणजे एक हिशेबनीस चुकला म्हणून वहीच ठेवायची नाही म्हणण्यासारखं आहे.

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी काम थांबवलं होतं, त्यातून त्यांची संघटना झाली. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदा आहे, पण नोंदणीसाठी लागणारा मालकिणीच्या सहीचा कागद द्यायलासुद्धा आपण घाबरतो.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करूया. पगार, सुट्ट्या आणि वाढ कधी, हे एका वहीत लिहून दोघींनी सही करायची. पगारी खाडे चार, त्यावर वाद नको. पारण्याच्या, पाहुण्यांच्या दिवशी जादा पैसे त्याच दिवशी हातात. उचल दिली तर तीही लिहायची, तोंडी नको. नोंदणीच्या कागदावर सही करायची. आणि त्या पंधराजणी बोलायला येतील तेव्हा मंडळातल्या दोघी-तिघींनी त्यांच्यासोबत सतरंजीवर बसून बोलायचं, दारात उभं ठेवून नाही.

ज्यांना पेन्शनवर घर चालवायचं आहे, त्यांनी तसं मोकळेपणाने सांगावं आणि काम कमी करून घ्यावं. पूर्ण काम घेऊन पैसे कमी देणं हा मार्ग नव्हे. आधी देणं फेडायचं, मग दान. वहीतला क्रमही तोच आहे.

जय जिनेंद्र.