जंतांना पुरून उरणारी मेंढी

बंगळुरात राहता म्हणजे बन्नूर मटणाचं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. बेळ्ळंदूरला रविवारी मटणाच्या रांगेत उभं राहिलात, तर कुणी ना कुणी बन्नूरची तारीफ करतंच. म्हैसूर जिल्ह्यातल्या बन्नूर गावावरून नाव पडलेली ही ठेंगणी, गुबगुबीत मेंढी. तिच्याबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास मात्र आपल्या फलटणला झाला.

मेंढ्यांचा मोठा शत्रू म्हणजे हिमाँकस हा जंत. तो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पितो. (घाबरू नका, मटण खाऊन तो आपल्याला होत नाही.) एकेक मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या कोकरांच्या पोटात जातात. कोकराच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसली, की रक्त कमी झालं असं समजावं. औषध असतं, पण तेच ते पाजत राहिलं, की त्याला न जुमानणारे जंत मागे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते.

मग मेंढीच चिवट असली तर? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली गॅरोल मेंढी आणली, ती तिला जुळी कोकरं होतात म्हणून. दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर केला, कोकरांची वाढ तपासली आणि लेंड्यांतली जंतांची अंडीही मोजली. 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गॅरोलचं रक्त असलेल्या कोकरांत अंडी कमी होती. मात्र गॅरोल अंगाने फारच लहान, त्यामुळे संकरित कोकरांचं वजनही कमी भरतं.

ही ताकद एकाच जनुकाची नसते. अनेक जनुकांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो. म्हणून एकाच कळपातही फरक दिसतो. ज्याच्या लेंड्यांत अंडी कमी आणि वाढही बरी, असा नर पैदाशीला ठेवला, तर कळप पिढ्यागणिक सुधारतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हे चालतं.

मेंढपाळाला पैसे वजनाचे मिळतात, म्हणून मोठ्या मेंढीकडेच ओढा असतो. पण दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या छोट्या जाती नाहीशा झाल्या, तर औषध हरेल तेव्हा हाताशी काहीच उरणार नाही.