माझ्या माणसाले इचारा



'माणूस असणं म्हणजे काय, याच्या कथा पाठवा', असे आवाहन एका वाङ्मयीन नियतकालिकाने दिवाळी अंकासाठी केले आहे. अटी अशा : दोन हजार शब्द, मजकूर टाईप केलेला, ३१ जुलैच्या आत ई-मेलने. वडनेरच्या आमच्या बचत गटात मी ते वाचून दाखवले. एक बाई म्हणाली, "माणसाचं लिहाचं हाये ना ताई? मंग माझ्या माणसाले इचारा." सगळ्या हसल्या. आमच्याकडे 'माझा माणूस' म्हणजे नवरा. ती स्वतः बाईमाणूस.

जुलैत या बाया निंदणाला असतात. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून बोंडाच्या सुकल्या टोकांनी बोटे सोलली तरी हात थांबत नाही. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याचे कर्ज फेडणारी बाई आमच्या गटात आहे. तिची 'पात्र की अपात्र' अशी फाईल झाली, कथा झाली नाही.

संपादक म्हणतील, दर्जाचे काय? दर्जा जरूर पाहा. पण बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी उतरवून घेतले म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघाले, आणि त्या १९५१ मध्येच गेल्या होत्या. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून लपवून लिहिले, वर्षानुवर्षे दडवून ठेवले. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकाने ते क्रमशः छापले. दर्जा आधीपासून होता. उतरवणारा आणि छापणारा मिळायला मात्र वेळ लागला. १८७८ पासून २०२५ पर्यंत ९८ मराठी साहित्य संमेलने झाली, अध्यक्षपदी स्त्रिया फक्त सहा. लिहिणाऱ्या बायांची ही गत, मग न लिहिणाऱ्यांची कोण विचारतो?

आपणही यातून सुटत नाही. मी समाजकार्याचे शिक्षण घेतले, 'केस' लिहायला शिकले. बाईचे अख्खे आयुष्य मी अहवालाच्या चार ओळींत बसवले आहे, तेही तिला वाचून न दाखवता.

म्हणून संपादकांना आमचे सांगणे : वेचणी संपल्यावर गावात या. तिच्या बोलीत ऐका, टेप करा, लिहिलेले तिला वाचून दाखवा. नाव छापायचे की नाही, ते ती ठरवील. आणि लेखकाला देता तेवढे मानधन तिलाही द्या. तोवर गटांनी थांबू नये. आपल्या पुढच्या बैठकीपासून अर्धा तास यासाठी ठेवा, वही आपली असू द्या.