विरंगुळा नको, काम द्या

वृद्धांना सरकारने काय द्यावे याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. वृद्धांपासून समाजाने काय घ्यावे, याची चर्चा मात्र नीटशी सुरूही झालेली नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला ऑगस्ट २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत झाला, हे चांगलेच झाले. २०२४ साली तीर्थदर्शनाची योजना आली. त्याच वर्षी वयोश्री योजनेखाली चष्मा, काठी, कानाचे यंत्र यांसाठी एकरकमी तीन हजार रुपये देण्याचे ठरले. गावोगाव आमदारांच्या निधीतून ‘विरंगुळा केंद्रे’ उभी राहिली. या कशालाही आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. म्हातारा माणूस म्हणजे बसवून ठेवावयाचा, फिरवून आणावयाचा किंवा औषधपाण्यापुरते देऊन गप्प करावयाचा प्राणी आहे, असे त्यांत गृहीत धरलेले दिसते. तिकीट माफ झाले. पण त्याने जायचे कोठे, हे कोणी विचारले नाही.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरीचे उदाहरण घ्या. पूर्णा नदीवरचे तेथले धरण १९६८ साली पुरे झाले. त्याची भिंत चार किलोमीटरांहून लांब असून साठवण ९३४ दशलक्ष घनमीटरांची आहे, आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर आहे. भराव चढत असता काठावर उभी राहून जी मुले ते नवल पाहत होती, ती आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांतले कोणी पाटबंधारे खात्यात पाटकरी झाले, कोणी शाळेत मास्तर, कोणी पोस्टात, कोणी सैन्यात गेले. पुष्कळांनी आयुष्यभर कोरडवाहू शेतीच केली. पाणीपाळी कशी फिरते, चारी कोठे फुटते, तलाठ्याकडे कोणता कागद न्यावा लागतो, बँकेत कोणत्या खिडकीशी उभे राहावे, हे या मंडळींना तोंडपाठ आहे. आणि येलदरीचे एक वैशिष्ट्य असे की, पाणी साठते येथे, पण कालवे निघतात खाली सिद्धेश्वरहून. साठवण आणि कालवा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत व दुसरीसाठी निराळा खर्च करावा लागतो, हे त्या परिसरात कोणाला समजावून सांगावयास नको. मुंबईत मात्र ते समजावून सांगावे लागेल असे दिसते.

आम्ही हे म्हणतो याला कारण आहे. केंद्र सरकारने १९९९ साली वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तेव्हाच साठीपुढची माणसे हे न वापरलेले मनुष्यबळ आहे, असे त्यात नमूद केले होते. महाराष्ट्राचेही स्वतंत्र ज्येष्ठ नागरिक धोरण आहे. विचार कागदावर आला. त्यामागे पैसा आला नाही. याउलट तरुणांकडे पाहा. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना निघाली. तिला अधिकारी आहेत, शिबिरे आहेत, दरवर्षीची तरतूद आहे. वीस वर्षांच्या मुलाने खेड्यात जाऊन आठवडाभर रस्ता झाडावा यासाठी सरकार खर्च करते, आणि तो खर्च योग्यच आहे. मग चाळीस वर्षे वर्ग चालवलेल्या निवृत्त शिक्षिकेने त्याच खेड्यात वर्षभर बायकांना वाचावयास शिकवावे, यासाठी एका पैचीही सोय का नसावी? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वर्षांवरील माणसे एक कोटी दहा लाखांच्या आसपास होती, आणि तेव्हापासून ही संख्या वाढलीच आहे.

काम नाही, असेही नाही. परभणी जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ७३ टक्के होते, राज्याचे ८२. केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाला २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी १०३७ कोटी ९० लाख रुपये मंजूर झाले आणि उद्दिष्ट ठरले पाच कोटी निरक्षरांचे. भागाकार केला तर माणशी दोनशे सात रुपये पडतात. एवढ्यात पाटी-पेन्सिलही जेमतेम येईल. शिकवणारा विनामूल्य स्वयंसेवक असावा, असे या योजनेने गृहीतच धरले आहे. हा स्वयंसेवक कोठून आणावयाचा, याचे उत्तर न सापडल्याने निरक्षर शोधण्याचे काम शाळेच्या शिक्षकांवर टाकले गेले, आणि २०२३ साली शिक्षकांच्या संघटनांनी त्यावर बहिष्कार पुकारला. आम्हांला त्यांचा राग येत नाही. ज्याच्याकडे आधीच चार कामे आहेत त्याच्या गळ्यात पाचवे बांधावयाचे, आणि ज्याच्याकडे दिवसच दिवस आहे त्याला कट्ट्यावर बसवावयाचे, ही कारभाराची तऱ्हाच उफराटी आहे.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९६५ साली तेथे गरीब वृद्धांसाठी एक योजना निघाली. वृद्धाने एखाद्या अडलेल्या मुलाचे मानलेले आजोबा किंवा आजी व्हावे, त्याला वाचावयास शिकवावे, आणि त्याबद्दल सरकारने ताशी अल्पसा भत्ता द्यावा, अशी तिची रचना होती. पुढे निवृत्तांच्या स्वयंसेवेच्या आणखी योजना तिला जोडल्या गेल्या, आणि आजही पंचावन्न वर्षांपुढची माणसे त्यांत काम करतात. ज्या देशात पैशाशिवाय पान हलत नाही असे आपण म्हणतो, तेथेही या योजनांना धोका चुकलेला नाही. २०२५ साली राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकात या योजना चालविणारी संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव आला. परंतु तेथले वृद्ध स्वयंसेवक आणि त्यांच्या संस्था आपल्या प्रतिनिधींच्या दारी जातात, ते किती तास काम केले आणि किती मुलांना शिकवले याचा हिशेब हातात घेऊन. आपल्याकडची शिष्टमंडळे जातात ती बहुधा हार आणि निवेदन घेऊन.

यावर एक आक्षेप सात्त्विक मंडळी घेतील : सेवेला मोल लावले की ती सेवा राहत नाही. ऐकावयास हे गोड आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोचवण्यासाठी मंडळ काढले. वृद्धाच्या सेवेचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पण त्या शाळांसाठी खुद्द अण्णांनाही दारोदार हिंडून वर्गणी जमवावी लागली. सेवा फुकट असते ती देणाऱ्याच्या बाजूने. ती चालवण्याचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो. शिवाय निवृत्तिवेतन घेणारा शहरातला सुखवस्तू गृहस्थ आपल्या खर्चाने समाजसेवा करू शकेल. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांवर महिना काढणाऱ्या येलदरीकडच्या म्हातारीने परगावी जाऊन शिकवावयाचे, तर तिचा चहा आणि दुपारची भाकरी कोणी द्यावी? भत्ता नसेल तर सेवा हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा मक्ता होईल.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : यादीत पक्षाचीच माणसे घुसतील. घुसतील, यात शंका नाही. यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि महिन्याचे काम फळ्यावर लिहावे; खेड्यात कोण राबतो आणि कोण मिरवतो हे झाकून राहत नाही. मात्र या माणसांना शिक्षकाच्या किंवा पाटकऱ्याच्या रिकाम्या जागी स्वस्तात बसवण्याचा मोह सरकारला झाला, तर आमचा त्याला सक्त विरोध राहील. नातवाची नोकरी आजोबांना देऊन कोणाचेच भले होणार नाही.

आता मुख्य प्रश्न आमदारांना भेटण्याचा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघांची या बाबतीत एक ठरलेली चूक होते. ते जातात मार्चमध्ये, अधिवेशन भरल्यावर. तोवर सगळे होऊन गेलेले असते. राज्यघटनेच्या २०३व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीवाचून खर्चाची मागणी सभागृहापुढे येऊच शकत नाही. साध्या आमदाराला मागणीत कपात सुचवता येते, वाढ सुचवता येत नाही. त्याने कितीही टाळ्यांचे भाषण केले तरी अंदाजपत्रकात एक ओळ वाढत नाही. ती ओळ लिहिली जाते आधीच्या हिवाळ्यात, खात्याच्या टेबलावर. म्हणून भेट घ्यावयाची ती दिवाळीच्या सुमारास, आणि मागावयाचे ते आश्वासन नव्हे, तर खात्याच्या मंत्र्यांना आमदाराच्या सहीचे पत्र आणि नागपूरच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न : ज्येष्ठांच्या स्वयंसेवेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्याचा शासनाचा विचार आहे काय? ‘नाही’ असे उत्तर आले तरी ते छापील कामकाजात राहील आणि पुढच्या वर्षी त्यावर बोट ठेवता येईल.

आमदारांचा स्थानिक विकास निधी मागण्यात अर्थ नाही. तो प्रायः बांधकामाकडे जातो, आणि मग आणखी एक विरंगुळा केंद्र पदरात पडते. त्यापेक्षा जवळचा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा आहे. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, आमदारांचा तेथे शब्द चालतो, आणि जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी थोडा पैसा राखलेला असतो. परभणीने यातून एकाच तालुक्यात, जिंतूरमध्ये, वर्षभराचा प्रयोग करून पाहावा. शंभर ज्येष्ठ, महिन्याचे दहा दिवस काम आणि दिवसाला शंभर रुपये प्रवास-चहापाणी, एवढा हिशेब धरला तर वर्षाचा खर्च बारा लाख होतो. एखादे बरे सभागृह बांधावयाचे म्हटले तर एवढ्यात त्याचे छतही पडणार नाही. कामे तीनच ठेवावीत : प्रौढांना अक्षरओळख, निराधार व विधवांचे अर्ज भरून देणे, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एक फेरी. वर्ष सरल्यावर किती बायका सही करू लागल्या आणि किती अर्ज मंजूर झाले, हे मोजता येईल. तो हिशेब घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला हाराची गरज पडणार नाही.

शहरातील आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी सरकारी कचेऱ्यांत उमेदीची वर्षे घालवली आहेत. प्रस्ताव कसा लिहावा, कोणत्या टेबलावर तो अडतो आणि कशाने सुटतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? खेड्यातल्या संघांना नेमके हेच येत नाही. प्रस्तावाचा कच्चा मसुदा करून देण्यास चार संध्याकाळी पुरतील. मग येलदरीच्या मंडळींनी फराळ आटोपला की जिंतूरची गाडी धरावी. पंचाहत्तरी झालेल्यांना तिकीट पडत नाही.